लेप्येइ की गोझेइ?

पोलिश भाषेत 'हो' ला 'ताक' म्हणतात. आपल्या मराठी माणसाला हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ होतो आणि मग तो दुकानात, ट्रॅममध्ये, शेजाऱ्यांकडे, जिथे तिथे ताक ताक करत सुटतो. मीही तेच करायचो. एका हिवाळ्यात मात्र हे ताक मला चांगलंच आंबट लागलं.

झालं असं की आम्हाला व्रोत्सवाफला येऊन वर्ष होत आलं होतं. हापिसात सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे पोलिशच्या क्लासचे दहा धडे मी कसेबसे ढकलले होते. एका रात्री आमच्या दोन वर्षांच्या लेकीला सणसणून ताप भरला. टॅक्सी करून दवाखाना गाठला. औषध दिलं, थांबायला सांगितलं. तासाभराने नर्स आली आणि तिने विचारलं, "लेप्येइ ची गोझेइ?"

'ची' म्हणजे 'की', हे मला येत होतं. 'दोब्झे' म्हणजे चांगलं आणि 'झ्ले' म्हणजे वाईट, हेही येत होतं. पण हे दोन पाहुणे कोण? मी आपलं सवयीने म्हणालो, "ताक."

म्हणजे "हे की ते?" या प्रश्नाला माझं उत्तर "हो". प्रोग्रामर लोकांचा हा आवडता विनोद आहे, पण त्या रात्री कुणीच हसलं नाही. नर्सने कागदावर एक वर जाणारा आणि एक खाली जाणारा बाण काढला. आता वर म्हणजे ताप वर की तब्येत वर? शेवटी बायको पुढे झाली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिने भराभर श्वास घेऊन दाखवला. पोरीचा श्वास मघापेक्षा जोरात चाललाय, हे तिच्या लक्षात आलं होतं. नर्स धावतच डॉक्टरांना घेऊन आली. पुढे सगळं नीट झालं. पण 'गोझेइ', म्हणजे 'आधीपेक्षा वाईट', हा एक शब्द मला येत असता तर ती पाच मिनिटं वाचली असती. आमच्या पुस्तकात तो सोळाव्या धड्यात होता.

नंतर मी तो धडा रागारागाने वाचून काढला आणि खरं सांगतो, मजा वाटली. आपल्याकडे तुलना करताना विशेषण जागचं हलत नाही. 'हा डबा त्या डब्यापेक्षा मोठा.' मोठा तो मोठाच, 'पेक्षा'चं ओझं त्या दुसऱ्या डब्याच्या डोक्यावर. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' आपल्याला भेटतात ते बहुतेक शाळेतल्या लघुतम साधारण विभाज्यात. डॉक्टरही आपल्याला "फरक आहे का?" किंवा "ताप उतरला का?" असंच विचारतात.

पोलिशमध्ये विशेषण स्वतः बदलतं. 'स्तारी' म्हणजे म्हातारा, 'स्तार्शी' म्हणजे त्याहून म्हातारा. 'नोवी' म्हणजे नवा, त्याचा होतो 'नोफ्शी'. शेवटी दोन व्यंजनं एकत्र आली की बहुधा शेपूट लांबतं: 'वाद्नी' म्हणजे सुंदर, 'वाद्न्येइशी' म्हणजे अधिक सुंदर. काही शब्दांचं तर पोटच गळतं. 'विसोकी' म्हणजे उंच, पण अधिक उंच म्हणजे 'विश्शी'. महाग 'द्रोगी', अधिक महाग 'द्रोश्शी'. 'पेक्षा'साठी 'निश' वापरा, किंवा 'ओद' वापरून पुढचं नाम षष्ठीत टाका. काही विशेषणं शेपूट लावूनच घेत नाहीत, उदाहरणार्थ 'दमलेला'; त्यांच्यापुढे 'बार्जेइ', म्हणजे 'अधिक', हा शब्द येतो. आणि एवढी उस्तवार झाली की 'सर्वात' म्हणायला फक्त पुढे 'नाइ' चिकटवायचं: नाइस्तार्शी, नाइविश्शी, नाइद्रोश्शी. खरी मेहनत मधल्या पायरीची, शेवटची पायरी जवळजवळ फुकट!

आता माझं भांडण. कोणतंही पुस्तक उघडा, आधी हा नियम, मग त्याची वीस उदाहरणं, आणि शेवटी चौकटीत 'अपवाद'. हे अपवाद कोण? चांगला, वाईट, मोठा, लहान! 'दोब्री'चं 'लेप्शी', 'झ्वी'चं 'गोर्शी', 'दुझी'चं 'व्येंक्शी', 'मावी'चं 'म्न्येइशी'. क्रियाविशेषणांतही तेच: लेप्येइ, गोझेइ, व्येन्त्सेइ, म्न्येइ. म्हणजे बरं, वाईट, जास्त, कमी. दिवसभरात माणूस ज्यांच्यावाचून अडतो नेमके तेच शब्द! याला अपवाद कसं म्हणायचं? रोज वापरात असतात म्हणूनच तर ते नियमाला दाद न देता टिकलेत. आपलं नाही का, 'जाणे'चं 'गेला' आणि 'येणे'चं 'आला'? आपण पोराला आधी 'पळणे-पळाला' पाठ करायला लावून 'गेला' सोळाव्या धड्यासाठी राखून ठेवतो का?

शिक्षक म्हणतील, आधी नियम शिकवला की विद्यार्थ्याला धीर येतो. पटतंय मला. वर्गात धीर येतो हे खरं, पण भाषा काय फक्त वर्गात लागते? नियम पाहिजे तर सोळाव्या धड्यात शिकवा, पण ते चार शब्द पहिल्या आठवड्यात, 'ताक'च्या शेजारी द्या. नियम म्हणून नको, नुसते शब्द म्हणून. 'चांगलं' आणि 'वाईट' हे नुसते आकडे आहेत. तापलेल्या पोराचं 'वाईट'च असतं, ते डॉक्टरांना दिसतंच. त्यांना हवी असते दिशा. इंजिनियरच्या भाषेत, त्यांना व्हॅल्यू नको असते, स्लोप हवा असतो.

आणि आम्हा आयटीवाल्यांनाही चार शब्द सुनवायला हवेत, मी धरून. "इथे काय, सगळ्यांना इंग्रजी येतं" हे हापिसच्या दारापर्यंतच खरं असतं. रात्रपाळीच्या नर्सने इंग्रजी का शिकावं? तिच्या गावात येऊन राहिलोय आपण.

आठवड्याने पुन्हा दाखवायला गेलो. योगायोगाने तीच नर्स होती. तिने विचारायच्या आत मी घोकून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं, "त्सोरास लेप्येइ!" म्हणजे दिवसेंदिवस बरं होत चाललंय.

ती हसली आणि म्हणाली, "ताक?"

मी म्हणालो, "ताक, ताक!"