चाकं, हँडल आणि पळवाटा

या शनिवारचा लेख जरा चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे विमान कंपन्या आणि आपलं सामान. सामान हरवण्याबद्दल नाही बोलत मी. बॅग हरवली की निदान सगळे मान्य तरी करतात, की बुवा हरवली. मी बोलतोय ते बेल्टवरून चेपून, फुटून, चाक गमावून किंवा हँडल उपटून येणाऱ्या बॅगेबद्दल. ही बॅग परत मिळालेली असते ना, म्हणून तिच्या तक्रारीला कोणी तक्रारच समजत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही बॅग ताब्यात घेतलीत, वजन केलंत, टॅग लावलात, पावतीचा चिटोरा माझ्या बोर्डिंग पासला चिकटवलात. तिथून ती बेल्टवर परत येईपर्यंत तिचं जे काही होईल ते तुमच्या खात्यावर. चाकासकट, हँडलसकट.

यात काही क्रांतिकारक नाही. आमच्या विठ्ठलवाडीत गल्लीच्या तोंडाशी जो इस्त्रीवाला बसतो त्यालाही हे कळतं. शर्ट जाळला तर तो मान खाली घालून पैसे कापून घेतो, "साहेब, कॉलर आमच्या अटींमध्ये बसत नाही" असं म्हणत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात हेच लिहिलंय: दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतलीत तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्या (कलम १५१, ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी). रेल्वेचंही तेच. लोकलच्या रॅकवर मी ठेवलेल्या बॅगेचं काही झालं तर रेल्वेचा निष्काळजीपणा मलाच सिद्ध करावा लागतो, आणि ते ठीक आहे, कारण बॅग माझ्याच ताब्यात होती. पण सामान बुक करून पावती घेतली की १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे रेल्वे जबाबदारीत येते. पावती म्हणजे ताबा, ताबा म्हणजे जबाबदारी. हे गणित फक्त विमानतळावर का चुकतं?

गेल्या वर्षी आई-बाबा अमेरिकेहून, ताईकडून परत आले. दोन विमानं, दोन कंपन्या, मधे आखातात मुक्काम. मुंबईत पहाटे अडीचला बेल्टवर बॅग आली ती एक कोपरा आत गेलेला, एक चाक गायब, आणि ओढायचा दांडा अर्ध्यात वाकून अडकलेला. बाबा काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने बॅगेकडे नीट न बघता सांगितलं, "अंकल, व्हील आणि हँडल कव्हर होत नाही. नॉर्मल वेअर अँड टेअर आहे." बाबा म्हणाले, "अहो, चाक झिजलेलं नाही, चाक नाहीच आहे." यावर तिने फॉर्म द्यायलाही नकार दिला. बाहेर टॅक्सीवाला फोनवर फोन करत होता, आईचे पाय सुजले होते. ते निघाले.

चौथ्या दिवशी मी कंपनीला मेल लिहिला. फोटो, बॅग टॅग, बोर्डिंग पास, बॅगेचं बिल, सगळं जोडून. पहिलं उत्तर: तक्रार २४ तासांत यायला हवी होती. दुसरं उत्तर: नुकसान बहुधा आधीच्या कंपनीकडून झालं असावं, त्यांना विचारा. तिसरं उत्तर: सदिच्छा म्हणून १५०० रुपयांचं व्हाउचर, पुढच्या प्रवासात वापरण्यासाठी, आणि ते घेतलं की दावा कायमचा मिटला असं समजायचं. (म्हणजे ज्यांनी बॅग फोडली त्यांच्याचकडे दुसरी बॅग घेऊन जायचं. वा!) चौथ्या मेलमध्ये मी कायद्यातली कलमं एकाखाली एक लिहून पाठवली. नऊ दिवसांत बॅगेचे पैसे आले. एकही स्पष्टीकरण न देता.

मला राग याचाच आहे. कायदा त्यांना पाठ आहे. आपल्याला पाठ नाही एवढ्यावर त्यांचं चाललंय.

तर कायदा काय म्हणतो? १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला आणि तो आपल्या १९७२ च्या कॅरेज बाय एअर कायद्याचं तिसरं परिशिष्ट झाला. त्यातलं कलम १७ सांगतं की चेक-इन केलेलं सामान कंपनीच्या ताब्यात असताना खराब झालं तर कंपनी जबाबदार. तिची चूक सिद्ध करायची गरज नाही. सुटका एकच: नुकसान सामानाच्या मुळातल्या दोषामुळे किंवा गुणधर्मामुळे झालं असेल तर, आणि तेही तेवढ्यापुरतं. कलम ३१ म्हणतं, खराब सामानाची लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत करा. २४ तास हा आकडा त्या करारात कुठेच नाही. दोन कंपन्यांनी मिळून वाहिलेल्या सामानासाठी कलम ३६: प्रवासी पहिल्या कंपनीला धरू शकतो, शेवटच्या कंपनीला धरू शकतो, आणि नुकसान जिच्या हातून झालं तिलाही. कोणी फोडली हे त्यांनी आपसात ठरवावं. आणि सगळ्यात गोड कलम २६: कंपनीची जबाबदारी कमी करणारी किंवा कराराहून खालची मर्यादा ठरवणारी कुठलीही अट रद्दबातल.

आता "चाकं आणि हँडल कव्हर होत नाही" ही अट या कलमासमोर ठेवून बघा. सूटकेसला चाक असणं हा तिचा मुळातला दोष आहे का? चाकं असतात म्हणून तर ती विकत घेतली! ओरखडा, धूळ, कडेला घासल्याची खूण, हे वापरात होतं, मान्य. पण झिजणं वेगळं आणि तुटणं वेगळं, आणि कंपन्या मुद्दामच दोन्ही एका वाक्यात कोंबतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने तिथल्या कंपन्यांना याबाबत सरळ सांगितलंय की चाकं, पट्टे, चेन, हँडल यांना सरसकट वगळता येणार नाही. आपल्याकडे असं एक पानभर पत्रक काढायला कोणाची हरकत आहे?

सात दिवस आहेत म्हणून निवांत घरी जा, असं मी सांगत नाहीये. तक्रार न करता सामान घेतलं की ते चांगल्या स्थितीत मिळालं असं प्रथमदर्शनी धरलं जातं, हेही त्याच कलमात आहे. तेव्हा विमानतळावरच पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, मागून घ्या. ते देत नसतील तर काउंटरसमोर बॅगेचा फोटो काढा, तिथेच उभं राहून मेल टाका. पण पहाटे अडीचला दमलेला माणूस निघून गेला तर त्याचा हक्क संपला, हे साफ खोटं आहे. २४ तासांची ही गंमत जुनी आहे. कॅनडाच्या डेव्ह कॅरोलची गिटार २००८ मध्ये युनायटेडच्या प्रवासात मोडली. दुरुस्तीला १२०० डॉलर लागले आणि कंपनीने २४ तासांचंच कारण पुढे करून हात वर केले. त्याने २००९ मध्ये त्यावर गाणं करून यूट्यूबवर टाकलं आणि जगभर कंपनीची शोभा झाली. आपल्या सगळ्यांना गाणी करता येत नाहीत, ही अडचण आहे. :)

गिटारवरून आठवलं. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमान फॉरवर्ड केला. तो तंबोरा विमानात घालायचा झाला तर काउंटरवर 'लिमिटेड रिलीज' नावाचा टॅग पुढे येतो: सही करा, फुटल्यास आम्ही जबाबदार नाही. भोपळा नाजूक असतो हे खरंच. पण नाजूक वस्तू स्वीकारून, तिचे पैसे घेऊन, वर ती इतर बॅगांसारखी फेकायची मुभा कुठून आली? भोपळा आपोआप तडकला तर तो त्याचा गुणधर्म. वरून वीस किलोची बॅग आदळल्यावर तडकला तर तो बॅग आदळणाऱ्याचा.

देशांतर्गत प्रवासाची कथा आणखी करुण आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रवाशामागे १००० एसडीआर (नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) होती, ती महागाईप्रमाणे दर पाच वर्षांनी तपासायची तरतूद करारातच आहे. २००९ मध्ये ११३१, २०१९ मध्ये १२८८, आणि डिसेंबर २०२४ पासून १५१९. म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. आपल्या सरकारने जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने हेच परिशिष्ट, काही बदलांसह, देशातल्या प्रवासाला लावलं. बदल काय? सामानाची मर्यादा २०,००० रुपये. २०१९ मध्ये मंत्रालयाने मोठ्या थाटात प्रवाशांची सनद काढली, त्यातही तोच आकडा. तीच बॅग मुंबई-दुबई गेली तर पावणेदोन लाख, मुंबई-नागपूर गेली तर वीस हजार. नागपूरच्या लग्नाला निघालेल्या काकूंच्या बॅगेत येवल्याची एक चांगली पैठणी असली तरी मर्यादा संपली. युरोपियन युनियनमध्ये देशातल्या प्रवासालाही माँट्रियलचीच मर्यादा लागू आहे. आपलीच माणसं आपल्याच देशात स्वस्त का?

आता थोडं माझ्या धंद्याकडे वळतो. काउंटरवरचा नेहमीचा प्रश्न असतो, "आधीपासूनच अशी नव्हती कशावरून?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कोणाकडे असायला हवं? आयाटा या विमान कंपन्यांच्याच संघटनेचा ठराव ७५३ जून २०१८ पासून लागू आहे. बॅग प्रवाशाकडून घेतली, विमानात चढवली, दुसऱ्या विमानासाठी सोपवली, परत दिली, अशा चार ठिकाणी तिची नोंद ठेवायची. म्हणजे सिस्टिम आहे, दहा आकडी टॅग आहे, लॉग आहे. त्या नोंदीतून बॅग कुठे आहे ते कळतं, कशी आहे ते कळत नाही. आमच्याकडे कोणी असं डिझाइन रिव्ह्यूला आणलं तर पहिला प्रश्न हाच येईल की बाबा रे, हँडओव्हरच्या वेळी स्थिती का नोंदवत नाहीस? चेक-इनच्या वजनकाट्यावर एक कॅमेरा आणि शेवटच्या बेल्टच्या तोंडाशी एक. वाद तिथेच मिटला. प्रवासी खोटं बोलत असेल तर तोही उघडा पडेल, माझी काहीच हरकत नाही. पण वजन मोजायला अर्ध्या किलोचीही चूक होत नाही, कारण जादा वजनाचे पैसे येतात. स्थिती नोंदवली तर पैसे जातात.

जे मोजतात त्याचीही तऱ्हा बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सात कंपन्यांना तंबी दिली की विमान थांबल्यापासून तीस मिनिटांत शेवटची बॅग बेल्टवर यायला हवी. उत्तम. पण ती कशी यायला हवी याबद्दल तेवढाच कडक आकडा कोणी मागितला? सपोर्टला काम केलेल्यांना हे ओळखीचं आहे: तिकीट किती तासांत क्लोज झालं एवढंच मोजलं की तिकिटं झटपट क्लोज होतात, बग तसाच राहतो. डीजीसीएच्या मासिक अहवालात तक्रारींच्या वर्गवारीत 'बॅगेज' हा एकच रकाना असतो. उशिरा आलेली, हरवलेली, फुटलेली, सगळी एका पोत्यात.

"असं केलं तर तिकिटं महागतील" हा आक्षेप येणारच, ऑफिसच्या लंच टेबलवर आलाही. महागतील कदाचित, थोडी. आत्ता तो खर्च होतच नाही असं थोडंच आहे? तो होतो, फक्त ज्याची बॅग फुटली तो एकटा भरतो. तो सगळ्यांत वाटला गेला तर कंपनीला सामान कमी आदळण्यात रस तरी निर्माण होईल. दुसरा आक्षेप, "दोन हजारांच्या बॅगेसाठी कोण डोकं लावणार?" मंडळी, हाच तर त्यांचा बिझनेस प्लॅन आहे. आपण पंचवीस हजारांच्या फोनवर ओरखडा आला तर सर्व्हिस सेंटरवाल्याशी तासभर भांडतो, आणि इथे "जाऊ दे ना यार" म्हणून ओला बुक करतो. ज्या मुंबईत १९७५ मध्ये लोकांनी ग्राहक पंचायत उभी केली, त्याच मुंबईच्या बेल्टवर आपण असे गप्प.

डोकं फार लावावंही लागत नाही. पूर्वी कंपन्यांच्या अटींत बारीक अक्षरात असायचं की वाद फक्त दिल्लीच्याच न्यायालयात. २०११ मध्ये इंटरग्लोब विरुद्ध सच्चिदानंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या प्रवाशाला हैदराबादेतच दाद मागू दिली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करता येते. विठ्ठलवाडीकराला ठाण्याचा जिल्हा आयोग पुरतो, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. माँट्रियलखाली दावा करायला दोन वर्षं मिळतात. त्याआधी सात दिवसांच्या आत गेलेली एक लेखी तक्रार मात्र हवीच. तारीख, फ्लाइट नंबर, टॅग नंबर, फोटो, रक्कम, आणि खाली एक ओळ: "व्हाउचर नको, पैसे द्या."