तासांचा आकडा आणि उजनीचे पाणी

काटेवाडीच्या शिवारात जुना ट्रॅक्टर विकत घेणारा मनुष्य प्रथम त्याच्या मीटरवरील तास पाहतो, आणि त्या आकड्यावरून इंजिनाचे उरलेले आयुष्य जोखण्याची त्याची रीत बहुधा त्याला दगा देत नाही. म्हणूनच उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारी, अथवा भिगवण-कुंभारगावाकडे रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना होडीतून फिरविणारी आपली मंडळी, कोकणपट्टीवरून स्वस्तात मिळणारे, पुष्कळ चाललेले आउटबोर्ड इंजिन घ्यावे की न घ्यावे याचा विचार करू लागतात, तेव्हा तोच मापदंड येथेही लावू पाहतात. येथे तो अपुरा पडतो.

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटास साधारण 2000 फेऱ्यांच्या आसपास राबते. होडीमागचे पेट्रोल इंजिन भर वेगात 5000 ते 6000 फेरे घेते. त्यामुळे शेतातला एक तास आणि पाण्यावरचा एक तास यांची किंमत सारखी धरणे हा हिशेबातला मूलभूत दोष होय. शिवाय कार्बोरेटरच्या लहान इंजिनांना बहुधा तासांचे मीटरच नसते. असले, तरी ते निराळे बसविलेले असल्यास बदलता येते. संगणकीय इंधनप्रणालीच्या इंजिनांत मात्र किती तास कोणत्या वेगाने चालले याची नोंद राहते, आणि ती जाणत्या मेकॅनिककडून वाचून घेतल्यावाचून इसार देऊ नये. उलटपक्षी, कमी तास म्हणजे उत्तम इंजिन, असेही नव्हे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात पेट्रोलचा चिकटा धरतो आणि रबरी सील कडक होतात.

तासांहून मोठा प्रश्न आहे तो पाण्याचा. समुद्रात चाललेले इंजिन दररोज गोड्या पाण्याने आतून धुतले गेले नसेल, तर त्याच्या थंडाव्याच्या वाटांत क्षार साचतात आणि ॲल्युमिनियम आतून झिजते. बाहेरून दिलेला नवा रंग हा दोष केवळ झाकतो. म्हणून इंजिन थंड असतानाच आपल्यासमक्ष चालू करवावे, कारण आधीच तापविलेले इंजिन आपला आळस लपविते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजावे, आणि त्यांत सुमारे 10 टक्क्यांहून अधिक तफावत आढळल्यास सौदा सोडावा. खालच्या गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे. मागून पडणारी पाण्याची धार अखंड आहे ना, हे पाहून मग भर वेगाची चाचणी प्रत्यक्ष पाण्यावर घ्यावी. सुट्या भागांची खातरजमाही तितकीच अगत्याची. 1909 पासून ज्या नावाने आउटबोर्डचा व्यवसाय जगभर पसरला, त्या एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादनसुद्धा 2020 मध्ये बंद झाले.

हे सर्व सांगण्याचे कारण उजनी हेच आहे. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा साठा सुमारे 117 टीएमसी. पाणी उतरले की पळसदेवच्या पाण्यात गेलेल्या मंदिरासारखी जुनी बांधकामे वर येतात, आणि पाणी भरले असता त्यांच्यावरून होड्या जातात. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटून सहा जणांचा अंत झाला. ती आपत्ती वादळाची होती. इंजिनाच्या दोषाची म्हणून मी ती सांगत नाही. परंतु अशा वाऱ्यात होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवावयाचे तर इंजिन चालतेच असावे लागते, आणि ते बंद पडताच होडी लाटेला आडवी होते, हे प्रत्येक नावाड्यास ठाऊक आहे.

म्हणून माझा निर्णय असा की, एकट्याने काठाजवळ जाळी टाकणाऱ्याने, वरील प्रत्येक कसोटीस ते उतरले आणि दुरुस्तीच्या पावत्या मिळाल्या, तर पुष्कळ चाललेले इंजिन योग्य किमतीस खुशाल घ्यावे. वल्ही मात्र होडीत ठेवावीत. उतारू नेणाऱ्याने असे इंजिन घेऊ नये. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक होडीस नोंदणी, सर्वेक्षण व विमा आवश्यक ठरविला आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या प्रत्येकाने नोंदणीचा दाखला व अंगावरचे जीवनरक्षक जाकीट मागून घेतल्याखेरीज काठ सोडू नये.