विश्लेषण : ‘तृतीयपंथी’ या एका शब्दात किती ओळखी? प्राइड झेंड्यांचे रंग काय सांगतात?

मुंबई-हावडा मार्गावरील मूर्तिजापूरसारख्या स्थानकात ‘तृतीयपंथी’ म्हटले की बहुतेकांना रेल्वेच्या डब्यातली टाळी आठवते. जून महिन्यात मात्र त्याच प्रवाशांच्या मोबाइलवर रंगीबेरंगी झेंडे आणि ‘ट्रान्स’, ‘नॉन-बायनरी’, ‘इंटरसेक्स’ असे शब्द येतात. हे सगळे एकच आहे का? प्रश्न केवळ शब्दांचा नाही. चुकीच्या शब्दामुळे उमेदवारी अर्ज बाद झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

गोंधळ नेमका कुठे होतो?

तीन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. ‘मी स्वतःला कोण मानतो?’ हा लिंगओळखीचा प्रश्न. ‘मला कोणाबद्दल आकर्षण वाटते?’ हा लैंगिक कलाचा. ‘जन्मतः शरीराची रचना कशी आहे?’ हा तिसरा.

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची जाणीव जुळत नसेल, तर ती व्यक्ती पारलिंगी म्हणजे ट्रान्स. मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला पुरुष मानणारी व्यक्ती ट्रान्स पुरुष; याउलट असेल तर ट्रान्स स्त्री. स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारी व्यक्ती नॉन-बायनरी. जन्मतः शारीरिक लिंगलक्षणे ठरावीक स्त्री किंवा पुरुष रचनेत न बसणारी व्यक्ती आंतरलिंगी म्हणजे इंटरसेक्स. समलिंगी आणि उभयलिंगी हे शब्द आकर्षणाबद्दलचे आहेत. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो. त्याला तृतीयपंथी म्हणणे चूक.

मग किन्नर, जोगता कोण?

ही परंपरेतून आलेली सामाजिक ओळख आहे. किन्नर किंवा हिजडा समाजात गुरू-चेला नाते आणि घराणी असतात; जोगता ही ओळख यल्लम्मा देवीच्या उपासनेशी जोडलेली आहे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या मूळ व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, आंतरलिंगी यांच्याबरोबर किन्नर, हिजडा, जोगता हे शब्दही होते. मात्र प्रत्येक ट्रान्स व्यक्ती या परंपरेत असतेच असे नाही. शेतात किंवा दुकानात काम करणारा, घरच्यांसोबत राहणारा ट्रान्स पुरुष ‘तृतीयपंथी’ या शब्दाच्या रूढ चित्रात कुठेच दिसत नाही.

झेंडे वेगवेगळे का?

गिल्बर्ट बेकर यांनी तयार केलेला इंद्रधनुषी झेंडा २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम फडकला. त्यात आठ पट्टे होते. पुढे सहा उरले. मराठीत सर्रास ‘सप्तरंगी’ म्हटले जात असले, तरी प्रचलित झेंड्यात रंग सहाच आहेत. तो सर्व समुदायांचा मिळून आहे. पण एका झेंड्याखाली लहान गटांचे वेगळे प्रश्न झाकले जातात, या भावनेतून पुढचे झेंडे आले.

ट्रान्स झेंडा मोनिका हेल्म्स यांनी १९९९ मध्ये केला. कडेला फिकट निळे, आत गुलाबी आणि मध्ये पांढरा असे पाच पट्टे. निळा मुलग्यांचा, गुलाबी मुलींचा रूढ रंग. पांढरा संक्रमणात असलेल्यांचा किंवा दोन्हींत न बसणाऱ्यांचा. झेंडा उलटा धरला तरी सारखाच दिसतो.

आंतरलिंगी झेंडा २०१३ चा, मॉर्गन कार्पेंटर यांचा. पिवळ्या कापडावर जांभळे वर्तुळ. निळा-गुलाबी मुद्दाम टाळलेले. अखंड वर्तुळ म्हणजे शरीर अपुरे नाही, पूर्ण आहे. नॉन-बायनरी झेंडा २०१४ चा; पिवळा, पांढरा, जांभळा आणि काळा.

शब्दामुळे काय बिघडते?

मूर्तिजापूरहून भुसावळमार्गे पुढे गेले की जळगाव. त्या जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून तो बाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य करून त्यांना निवडणूक लढवू दिली. त्या निवडूनही आल्या.

या हक्काचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात आहे. शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा, असे त्यात म्हटले होते. २०१९ च्या मूळ कायद्याने मात्र दोन टप्पे केले. स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ‘ट्रान्सजेंडर’ असे प्रमाणपत्र. आणि ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला. म्हणजे त्या मूळ तरतुदीनुसार मूर्तिजापूरच्या ट्रान्स पुरुषाचे प्रकरण अकोल्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जायचे आणि तेथून मिळणाऱ्या पहिल्या कागदावर ‘पुरुष’ हा शब्द नसायचा.

मोजणीत किती दिसतात?

२०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा पर्याय आला. देशात ४ लाख ८७ हजार ८०३, तर महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची तशी नोंद झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील तृतीयपंथी मतदार मात्र सहा हजारांच्या आसपास होते. जनगणनेत मुलेही मोजली जातात, हे धरूनही तफावत मोठी आहे. ज्यांनी मतदार यादीत ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ नोंदवले, ते या आकड्यात येतच नाहीत.

पुढे काय?

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणकाला उत्तर बहुतेकदा कुटुंबप्रमुख देतो. घरातील मुलाने किंवा मुलीने आपली ओळख सांगितलीच नसेल, किंवा सांगूनही घरच्यांनी ती मानली नसेल, तर नोंद जुनीच होणार. शिष्यवृत्ती, निवारागृह, आरोग्यसेवा यांचे नियोजन अशाच आकड्यांवर होते. त्यामुळे हे शब्द प्रगणकाइतकेच घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक असणे गरजेचे आहे.