चिलखत हवे छोट्या नौकांनाही

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस निघताना शिवरायांनी अंगरख्याच्या आत चिलखत चढविले होते आणि मंदिलाखाली लोखंडी शिरस्त्राण घातले होते. हा प्रसंग महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास पाठ आहे. वाघनखांचे वर्णन करताना शाहिरांचा आवाज आजही चढतो. परंतु खानाची कट्यार ज्याच्यावर अडली त्या चिलखताचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. शौर्याचे गुणगान करण्याची सवय आपल्याला आहे. शौर्य जिवंत ठेवणाऱ्या साधनांचा विचार करण्याची तेवढी नाही. ज्या राजाच्या धैर्याविषयी शत्रूलाही शंका नव्हती, त्या राजाने चिलखत घालण्यात कमीपणा मानला नाही, हा या प्रसंगातील धडा आहे. तो आज एका वेगळ्या क्षेत्रात आठवण्याची गरज आहे. ते क्षेत्र म्हणजे किनाऱ्यावर, खाड्यांत आणि नद्यांत गस्त घालणाऱ्या छोट्या नौकांचे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यातून कोणी नौकांविषयी लिहू लागला तर वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मान्य आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि उन्हाळ्यात आमची गावे टँकरची वाट पाहतात. तथापि पाणी युद्धाची गती कशी बदलते, याचा अनुभव या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले ते नळदुर्गमार्गे. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती लागला, म्हणूनच रणगाड्यांची तुकडी त्याच दिवशी उमरग्यापर्यंत धडकू शकली. तुळजापुरात निजामाचे सैनिक आणि रझाकार यांचा प्रतिकार दोन तासांत मोडून निघाला. पण तेथून लोहाऱ्याकडे जाऊ पाहणारी तुकडी थांबली, ती शत्रूमुळे नव्हे. पावसाने फुगलेल्या नदीमुळे. जमिनीवर अजिंक्य असलेले पोलाद पाण्याच्या काठाशी निरुपयोगी ठरले. पाण्यावर जायचे तर नौका हवी, आणि नौकेत बसलेला सैनिक रणगाड्यातील सैनिकाइतका सुरक्षित कधीच नसतो.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मुंबई पोलिसांच्या भरतीसाठी मराठवाड्यातील तरुण दरवर्षी मोठ्या संख्येने मैदानात उतरतात. विहिरीत पोहायला शिकलेला तुळजापूर-परंड्याकडचा मुलगा उद्या एखाद्या सागरी पोलीस ठाण्यात नेमला जाऊ शकतो. गस्ती नौकेत उभ्या राहणाऱ्या त्या मुलाच्या छातीपुढे काय असेल, हा प्रश्न म्हणूनच आमचाही आहे.

या विषयावर पहिला आक्षेप इतिहासाच्या आधारेच घेतला जाईल. मराठ्यांच्या गलबतांना कोठे चिलखत होते? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर खांदेरीत आहे. 1679 मध्ये मायनाक भंडारी याने खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली मोठी जहाजे त्याच्यावर घातली. मराठ्यांची गलबते आकाराने लहान आणि तोफांच्या बाबतीत दुबळी होती. पण ती उथळ पाण्यातून जात, वारा पडला की वल्ह्यांवर चालत आणि रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवीत. 18 ऑक्टोबरच्या लढाईत त्यांनी इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाजही पकडले. अखेर 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तेथे चपळाई हेच चिलखत होते.

मग आज चपळाई का पुरू नये? कारण शस्त्र बदलले आहे. सतराव्या शतकातील तोफ एकदा डागली की पुन्हा भरण्यास वेळ लागे आणि हलत्या नौकेवर नेम धरणे हे नशिबाचे काम होते. आजची एके-47 रायफल एका दमात तीस गोळ्या झाडते आणि गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने नळीबाहेर पडते. बहुतेक छोट्या गस्ती नौका काचतंतूंच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात. काचतंतूंचे साधे कवच लाटांचा मारा सोसते, रायफलीची गोळी नाही. शिवाय संशयित नौका तपासायची तर गस्ती नौकेला वेग कमी करून तिच्या शेजारी जावेच लागते. ज्या क्षणी धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्या क्षणी चपळाईचे चिलखत गळून पडलेले असते.

दुसरा आक्षेप वजनाचा आहे, आणि तो तांत्रिक असल्याने त्याचा हिशेबच मांडला पाहिजे. 6 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरचे वजन सुमारे 47 किलो भरते. दहा मीटर लांबीच्या, पाच टनी नौकेच्या दोन्ही बाजू आणि चालककक्ष मिळून सव्वीस चौरस मीटर झाकायचे ठरविले, तर सव्वा टन भार वाढतो. नौकेच्या वजनाचा हा चौथा हिस्सा झाला. अशी नौका खोल बुडेल, तिचा वेग घटेल, आणि वजन वरच्या भागात वाढल्याने वळताना ती कलंडण्याचे भय राहील. संपूर्ण नौका पोलादाने मढविणे हा शहाणपणा नव्हेच. परंतु केवळ सुकाणू धरणाऱ्याचा कक्ष समोरून आणि बाजूंनी झाकायचा तर सहा चौरस मीटर पुरतात. त्यांचे वजन तीनशे किलोंच्या आत, म्हणजे चार धडधाकट माणसांइतके भरते. पोलादाऐवजी ॲरामिड किंवा उच्च प्रतीच्या पॉलिथिलीन तंतूंचे फलक वापरले, तर हा भार बराच आणखी उतरतो. प्रश्न नौका झाकण्याचा नाही, काय झाकायचे हे ठरविण्याचा आहे.

जगाने हे आधीच ठरविले आहे. 1940 मध्ये जर्मन विमाने ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर मशीनगनचा मारा करू लागली, तेव्हा चिलखती पोलाद रणगाडे आणि युद्धनौकांनाच अपुरे पडत होते. जहाजांच्या चालककक्षाभोवती काँक्रीटचे थर दिले, तर ते गोळ्यांनी फुटून त्यांचेच तुकडे माणसांना लागू लागले. त्या वेळी नौदल खात्यात काम करणाऱ्या एडवर्ड टेरेल या वकिलाने उपाय शोधला तो रस्ता बांधणाऱ्यांच्या सामानात. कठीण दगडाची बारीक खडी डांबरात मिसळून, मागे पोलादी पत्रा ठेवून तिचा थर द्यायचा. गोळी कठीण खडीवर आपटून दिशा बदलते, डांबर तडकत नाही आणि मागचा पत्रा उरलेला जोर पेलतो. हे ‘प्लास्टिक आर्मर’ पुढे हजारो जहाजांवर चढले आणि सैनिक किनाऱ्यावर उतरविणाऱ्या छोट्या नौकांवरही वापरले गेले. वजनाने ते हलके नव्हते, म्हणून आजच्या वेगवान नौकांसाठी तो उपाय नव्हे. पण खडी आणि डांबर यांतून चिलखत निर्माण होऊ शकते, तर साधनांच्या अभावाची सबब किती टिकते?

व्हिएतनामच्या युद्धात मेकाँगच्या खोऱ्यात अमेरिकेने काचतंतूंच्या छोट्या नदी-गस्ती नौका उतरविल्या. नौकेचे अंग उघडे ठेवून चिलखत दिले गेले ते सुकाणूभोवती आणि तोफधाऱ्यापुढे. सैनिक वाहणाऱ्या जड नौकांवर मात्र बाहेरून गजांची जाळी बसविण्यात आली, म्हणजे रॉकेट मूळ अंगावर आदळण्यापूर्वीच त्या जाळीवर अडावे. 2022 पासून युक्रेनच्या युद्धात ड्रोनपासून वाचण्यासाठी वाहनांवर लोखंडी पिंजरे दिसतात, ते याच युक्तीचे नवे रूप होय.

आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण 1971 चे आहे आणि त्याचा नायक मराठी आहे. बांगलादेश मुक्तिसंग्रामात कमांडर मोहन नारायण सामंत यांच्या नेतृत्वाखाली ‘पनवेल’ ही नौदलाची गस्ती नौका आणि ‘पद्मा’, ‘पलाश’ या कोलकाता बंदराच्या नौकांतून बनविलेल्या दोन तोफनौका मोंगला आणि खुलना या बंदरांवर चालून गेल्या. या नौकांवर भारतीय नौसैनिकांबरोबर मुक्तिवाहिनीचे नाविकही होते. 10 डिसेंबर रोजी आपल्याच विमानांनी त्यांना शत्रूच्या समजून हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ गमावल्या गेल्या. ‘पलाश’च्या इंजिनकक्षात अखेरपर्यंत थांबलेले रुहुल अमीन हुतात्मा झाले, बांगलादेशाने त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी बुडणाऱ्यांना ‘पनवेल’वर घेतले आणि मोहीम पुढे चालू ठेवली. त्यांना महावीर चक्र मिळाले. 2019 मध्ये ते निवर्तले.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. एक, छोट्या नौकेचे मर्म तिच्या इंजिनकक्षात असते. तो कक्ष गेला की नौका गेली. दुसरा, पत्रा हे एकच चिलखत नव्हे. आपली नौका आपल्या विमानाला, आपल्या जहाजाला आणि किनाऱ्यावरील पहारेकऱ्याला खात्रीने ओळखू यावी, हेही तितकेच महत्त्वाचे कवच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. 1993 च्या मुंबई बाँबस्फोटांची स्फोटके रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर नौकांतून उतरली. 2005 मध्ये केंद्राची किनारी सुरक्षा योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांना 73 सागरी पोलीस ठाणी आणि 204 गस्ती नौका मंजूर झाल्या. तरीही 26 नोव्हेंबर 2008 रोजी ‘कुबेर’ हा मासेमारी ट्रॉलर बळकावून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीने कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. त्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली आणि छातीवर गोळ्या झेलल्या. पुढे काही महिने पोलिसांच्या चिलखती जाकिटांच्या दर्जावरून राज्यभर वादळ उठले. ते उठणे आवश्यकच होते. परंतु रस्त्यावरील पोलिसाच्या जाकिटाची चर्चा ज्या तळमळीने झाली, त्या तळमळीने समुद्रातील पोलिसाच्या नौकेच्या कवचाची झाली काय?

त्यानंतर काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2009 मध्ये नौदलाने सागर प्रहरी बल उभारले आणि त्यासाठी 80 वेगवान नौका घेतल्या. 2021 च्या आरंभी पँगाँग सरोवरासारख्या विस्तीर्ण जलाशयांवरील गस्तीसाठी सैन्याने गोवा शिपयार्डशी 12 गस्ती नौकांचा करार केला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानातून ‘भाभा कवच’ हे हलके जाकीट तयार झाले. चिलखती जाकिटांसाठी 2018 पासून भारतीय मानकही आहे. म्हणजे नौका बांधणारे हात देशात आहेत आणि चिलखत घडविणारी बुद्धीही देशात आहे. या दोहोंचा मेळ पोलिसांच्या नौकेत घातला गेला पाहिजे.

त्यासाठी मागण्या फार नाहीत. सागरी पोलिसांसाठी यापुढे जी नौका घेतली जाईल तिच्या निविदेत सुकाणूकक्ष, इंजिन आणि इंधनटाकी यांचे संरक्षण हा भाग ऐच्छिक न राहता अनिवार्य असावा. जुन्या नौकांना, त्यांचा तोल तपासून, काढता-घालता येणारे फलक बसवावेत. प्रत्येक खेपेतील नमुना फलकावर प्रत्यक्ष गोळी झाडून चाचणी घ्यावी. कागदी प्रमाणपत्रावर जवानाचा जीव सोपवू नये. खारे पाणी आणि ऊन यांनी तंतूंची ताकद घटते, म्हणून फलकांची मुदत आणि देखभाल ठरवून द्यावी. किनाऱ्यावरील सर्व दलांत ओळखीची एकच पद्धत असावी, म्हणजे ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ यांचे दुर्दैव पुन्हा ओढवणार नाही.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल. लेखापरीक्षणांनी अनेक किनारी राज्यांत गस्ती नौका धक्क्याला बांधून पडल्याचे दाखविले आहे. कोणी म्हणेल, ज्या नौका चालतच नाहीत त्यांना चिलखत कशाला? उत्तर असे की, आधी त्या चालवा. आणि चालविणाऱ्याला विश्वास द्या की त्याच्या जिवाची किंमत शासनाला ठाऊक आहे. असुरक्षित नौकेत गस्त घालण्याची आज्ञा देणे सोपे असते. ती आज्ञा अंधाऱ्या समुद्रात मनापासून पाळली जावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा नैतिक अधिकार मात्र कमवावा लागतो.

ओंबळ्यांच्या बलिदानापुढे आपण नतमस्तक होतो, आणि व्हावेच. पण पुढच्या ओंबळ्यांनी छातीचीच ढाल करावी, अशी वेळ आणणाऱ्या राज्यव्यवस्थेला नतमस्तक होण्यापलीकडेही काही कर्तव्य आहे. प्रतापगडावर निघालेल्या राजाने अंगरख्याआड चिलखत घातले, कारण त्याला मरायचे नव्हते. परत येऊन राज्य उभारायचे होते. आपल्या जवानांनाही गस्तीवरून परत यायचे आहे.