अटक आठवते, सुटका का आठवत नाही?



८ सप्टेंबर २००६. शुक्रवार होता आणि त्याच दिवशी शब-ए-बारात. मालेगावच्या बडा कब्रस्तानात माणसं आपल्या मयतांसाठी दुवा मागायला आली होती. शब-ए-बारातला कब्रस्तानच्या दारात गोरगरीब ओळीनं बसतात, कारण त्या दिवशी सहसा कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. आसपास पोरं घुटमळत असतात. जुम्याची नमाज झाली आणि सायकलींना अडकवलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मेलेली बहुतेक सगळी मुसलमान. त्यात लहान मुलं होती, भीक मागणारेही होते.

पुढच्या काही महिन्यांत दहशतवादविरोधी पथकानं म्हणजे एटीएसनं नऊ जणांना आरोपी केलं. नऊही मुसलमान. बापाच्या कबरीवर फुलं वाहून निघालेल्या आपल्याच माणसांना, त्यांच्या सणाच्या दिवशी, यांनीच मारलं असं आपल्याला सांगण्यात आलं. आपण मान डोलावली. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, ‘त्यांच्यात असंच असतं.’ मी तिथं उभा होतो आणि गप्प बसलो. हे पत्रक लिहायला मी बसलो ते त्या गप्प बसण्यामुळे.

त्यातले बहुतेक जण पाच वर्षं तुरुंगात काढून २०११ मध्ये जामिनावर सुटले. राष्ट्रीय तपास यंत्रणेला त्यांच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. २०१३ मध्ये तिनं वेगळ्याच लोकांविरुद्ध आरोपपत्र दाखल केलं. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. ही माणसं बळीचा बकरा ठरली, असं न्यायालयानं म्हटलं. नऊपैकी एक जण तो दिवस बघायला उरला नव्हता.

त्यांपैकी दोघांची सुटका तेव्हाही झाली नाही, कारण ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांच्या खटल्यातही ते आरोपी होते. अकरा मिनिटांत सात बॉम्ब, १८० हून अधिक मृत्यू. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यांपैकी पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो सरकारचा हक्क आहे. पण एकोणीस वर्षं गेली. आत गेलेला तरुण पांढरी दाढी घेऊन बाहेर येतो, तेव्हा गल्लीतली पोरं त्याला ओळखतही नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगा. या माणसांच्या अटका तुमच्या लक्षात आहेत. सुटका किती जणांनी वाचली? अटकेच्या दिवशी पहिलं पान, मोठा मथळा, बुरखा घातलेल्या आरोपींचा फोटो. सुटकेची बातमी आली तरी दोन दिवसांत विरून जाते. ‘इस्लाम म्हणजे हिंसा’ हे समीकरण कुराण वाचून आपल्या डोक्यात शिरलेलं नाही. ते वीस-पंचवीस वर्षांच्या अर्धवट वाचलेल्या बातम्यांतून शिरलंय. उरलेलं काम पडद्यानं केलं. ‘शोले’तला इमामसाहेब १९७५ मध्ये गावाचा आधार होता. आज पडद्यावर अजान ऐकू आली की प्रेक्षक स्फोटाची वाट बघतो.

यावर कुणी विचारेल, मग मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचं काय? पहलगामचं काय? विचारलंच पाहिजे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरणात धर्म विचारून माणसं मारली. २६ जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा. मारणाऱ्यांनी धर्माचं नाव घेऊनच मारलं. हे नाकारणारा मुसलमानांचा मित्र नव्हे. पण त्या २६ मध्ये एक तिथला मुसलमान घोडेवालाही होता, पर्यटकांना वाचवायला गेलेला. त्याला मोजायचं की नाही?

आणि २६ नोव्हेंबरनंतर मुंबईत जे घडलं ते मला कधी विसरता येत नाही. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. मयताला लवकरात लवकर माती देणं हे ज्या धर्मात कर्तव्य मानतात, त्या धर्माच्या माणसांनी सांगितलं की हे आमचे नव्हेत. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारनं गुपचूप त्यांची विल्हेवाट लावली. ‘मुसलमान दहशतवादाचा निषेध का करत नाहीत?’ असं ज्यांना विचारावंसं वाटतं, त्यांनी मरीन लाइन्सच्या त्या भिंतीपाशी जाऊन उभं राहावं. याहून कडक निषेध कुठला असतो?

एका माणसाचा गुन्हा अख्ख्या समाजाच्या माथी मारला की काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळाली. नथुरामशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांची घरं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्यावरच आहे. ज्या घरांत त्या जळिताची आठवण आजही दबक्या आवाजात सांगतात, त्यांना माझं कळकळीचं मागणं आहे: ‘आडनावावरून दोषी’ हा न्याय तुम्ही सोसलाय, तो दुसऱ्याला लावू नका. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांना हाच न्याय लावला गेला.

आमची मागणी वर्तमानपत्रांकडे आहे: अटकेची बातमी ज्या पानावर, ज्या टाइपात छापलीत, त्याच पानावर, त्याच टाइपात सुटकेची छापा. सरकारकडे आहे: निर्दोष सुटलेल्याच्या वाया गेलेल्या वर्षांची भरपाई कायद्यानं ठरवा, आणि खोटा पुरावा उभा करणाऱ्याला जाब विचारा. २०१३ च्या आरोपपत्रात ज्यांची नावं आली त्यांनाही हाच न्याय, सिद्ध होईपर्यंत ते निर्दोषच.

आणि मागणी तुमच्याकडे आहे. संशयित कोण हे आधीच ठरलेलं असलं की तपास तिथंच थांबतो आणि खरा मारेकरी मोकळा राहतो. यात फसतात ते मेलेल्यांचे नातेवाईक, मग ते चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमधल्यांचे असोत नाहीतर मालेगावचे. बडा कब्रस्तानच्या दारात त्या सायकली कुणी लावल्या, हे कोणत्याही न्यायालयात अजून सिद्ध झालेलं नाही.