इंजिनाचा ताप आणि तेलाचा उतारा

गाडी तापली म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो बॉनेटमधून वाफा सोडणारा रेडिएटर. पण इंजिनात पाण्याबरोबर आणखी एक पदार्थ तापत असतो आणि तो वाफ सोडून इशाराही देत नाही. तो म्हणजे इंजिन ऑईल. चेन्नईच्या शर्यतवाल्यांना त्याची चांगलीच ओळख आहे.

मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबची स्थापना १९५३ सालची. अनेक वर्षे शर्यती होत त्या शोलावरमच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबचा स्वतःचा ट्रॅक सुरू झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणे बारा. चेन्नईच्या दमट हवेत माणसाचा घाम वाळत नाही, म्हणून तो हैराण होतो. गाडीला घाम येत नाही. तिला कळते ते फक्त हवेचे तापमान. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की कूलरवरून जाणारी हवाच गरम असते. मग तेल निवणार कसे?

तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही. फिरता क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहून पातळ पडदा असतो. ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो पडदा नीट टिकतो. तेल १३० अंशांच्या पुढे जाऊ लागले की ते फार पातळ होते, पडदा फाटतो आणि धातूवर धातू घासतो. तेलाच्या काही लिटरपायी अख्खे इंजिन उतरवण्याची वेळ येते. जर्मनीच्या पोर्शे ९११ गाडीत तर १९९८ पर्यंत इंजिनाभोवती पाणी नव्हतेच. पंख्याची हवा आणि तेल, एवढ्यावरच सारी भिस्त!

म्हणूनच स्पोर्ट्‌स कार ट्रॅकवर नेणारे मोठा ऑईल कूलर बसवून घेतात. दिसायला तो छोट्या रेडिएटरसारखाच. तेल फिल्टरजवळून बाहेर पडते, कूलरच्या नळ्यांतून फिरते आणि थंड होऊन परत येते. पण कूलर जितका मोठा तितका चांगला, हा समज खोटा आहे. तेल फार थंड राहिले तर ते घट्ट राहते आणि त्यात जमलेला पाण्याचा अंश उडून जात नाही. यासाठी मधे थर्मोस्टॅट हवा. साधारण ८० अंशांपर्यंत तो तेलाला कूलरकडे फारसे जाऊ देत नाही. जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. कूलर रेडिएटरच्या अगदी पुढे बसवला तर त्याची गरम हवा रेडिएटरवर येते आणि तेल निवता निवता पाणी तापते.

खरी परीक्षा असते ती पाइपांची. त्यांतले तेल गरम तर असतेच, शिवाय दाबाखाली असते. साध्या रबरी नळीवर क्लिप आवळून भागत नाही. तेल सोसणारा, मजबूत वेष्टनाचा पाइप आणि पेचाचे पक्के जोड लागतात. जोड सुटला तर तेल लालबुंद सायलेन्सर पाइपवर पडून आग लागू शकते किंवा ते ट्रॅकवर सांडते. तेव्हा घसरते ती मागून येणारी गाडी! शर्यतीत यासाठी खास निशाणेच आहेत. पिवळ्यावर लाल पट्ट्यांचे निशाण म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि गाडीचा क्रमांक दाखवला, की त्या चालकाने ताबडतोब पिटमध्ये यायचे. पहिला नंबर असला तरी!

घरच्या गाडीला असा कूलर बसवण्याचे कारण नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे तेल वेळेवर बदलले तरी पुरे. गाडी रोज शाळेपर्यंत दोन किलोमीटरच जात असेल, तर तेल पुरते तापतच नाही. तेव्हा किलोमीटर भरण्याची वाट न पाहता पुस्तिकेतील महिन्यांची मुदत पाळावी. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर ‘घरी गेल्यावर पाहू’ असे म्हणू नये. तेलाचा दाब गेल्याची ती खूण आहे. गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करावे.

आणि सकाळी गाडीखाली काळा डाग दिसला तर नुसता पुसून टाकू नये, मेकॅनिकला दाखवावा. ट्रॅकवर निशाण दाखवायला माणूस उभा असतो. आपल्या गल्लीत त्याच तेलावरून शेजारचा मुलगा सायकल घेऊन येत असतो, आणि त्याला निशाण दाखवणारे कोणी नसते.