छाप देवाची, तिजोरी मँचेस्टरची

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या बाजारात विलायती कापडाचा ताका पुढे आला की प्रथम दृष्टीस पडे ती त्यावर चिकटवलेली रंगीत छाप. कधी मुरलीधर श्रीकृष्ण, कधी कमलासना लक्ष्मी, कधी गजानन; आणि त्याखाली नाव परकीय पेढीचे! 'टिकट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या छापा आज संग्राहक हौसेने जमवतात. २०२५ साली बंगळुरूच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शनही भरले. त्यांतील रंगसंगतीचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु त्या चित्रांमागचा व्यवहार विसरून केलेले कौतुक म्हणजे आत्मविस्मृतीच होय.

मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना श्रीकृष्णाची भक्ती जडली नव्हती. येथील ग्राहकाला इंग्रजी अक्षरे वाचता येत नसत, पण देवाचे चित्र तो ओळखत असे आणि त्यावर विश्वास ठेवत असे. तोच विश्वास व्यापारचिन्ह म्हणून वापरला गेला. १८७५ च्या ब्रिटिश कायद्याने अशा चिन्हांना नोंदणीचे संरक्षण दिले. देव आमचा, त्याच्या चित्रावरील मालकी त्यांची!

दुसरीकडे राज्यकर्ते काय करीत होते? १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवताना त्यांनी भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादनशुल्क लादले. लँकेशायरला स्पर्धा नको, एवढाच त्यामागचा हेतू. ताक्यावर लक्ष्मी विराजमान होती. घरातली लक्ष्मी मात्र समुद्रापार जात होती.

ही फसवणूक ओळखणारे द्रष्टे महाराष्ट्रात होते. सार्वजनिक काकांनी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताची वस्त्रे परिधान केली. १९०५ साली पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी पेटली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राणार्पण केले. छापेवर कोण आहे याला त्यांनी भुलले नाहीत. पैसा कोणाकडे जातो, हे त्यांनी पाहिले.

आज ते राज्य गेले. मानसिकता गेली काय? जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या. कोल्हापूरचे नाव मात्र घेतले नाही. २०१९ मध्येच महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर कंपनीला प्रेरणेचा उगम मान्य करावा लागला. तेव्हा परक्या मालावर आमची छाप होती. येथे आमच्या घाटाच्या वस्तूवर परक्यांची छाप लागली. दोन्ही वेळी मोल मिळाले ते छापेच्या मालकाला. कोष्टी आणि चर्मकार बांधव हात चोळीत राहिले.

दोष केवळ परक्यांना देऊन भागणार नाही. कोल्हापुरी विकत घेताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा सुशिक्षित माणूस विदेशी नाममुद्रेच्या जोड्यासाठी सांगितली ती किंमत निमूटपणे मोजतो. आपल्याच कारागिराचा हा अव्हेर नव्हे काय? स्वदेशी म्हणजे केवळ बहिष्कार नव्हे. जमशेदजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याच्या गिरणीला 'स्वदेशी' हेच नाव दिले, यातच खरे उत्तर आहे: माल आपला, गुणवत्ता आपली आणि छापही आपलीच.

येत्या सणाला प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. वेष्टनावरील देवाला नमस्कार करावा, परंतु खिशात हात घालण्यापूर्वी त्याखालचे बारीक अक्षर वाचावे.